पोहणारीचा पोशाख आणि कांठावरचे परीक्षक

गेल्या अंकीं आम्हीं माठांतल्या पाण्याविषयीं लिहिलें. या अंकीं विषय पाण्याचाच आहे, पण ज्यांत माणूस उतरतें त्या पाण्याचा. आणि खरें म्हटलें तर पाण्याचाहि नव्हे, त्यांत उतरतांना अंगावर घालावयाच्या वस्त्राचा. हा विषय आम्हीं शोधून काढला नाहीं. तो आपल्या पायांनीं आमच्या घरीं आला. आमच्या नातीनें सुटींत पोहावयास शिकण्याचें ठरविलें. तलावावरून कपड्यांची यादी आली आणि तिच्याबरहुकूम तिच्या आईनें पोहण्याचा पोशाख आणला. तो दोरीवर वाळत घातलेला पाहून आमच्या वडील वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढे शिकलेले. पाण्यांत जावयाचें तर बाईमाणसाच्या अंगावर कपडा जास्त हवा कीं कमी? हें एवढेंसें काय आणलें आहे?" नात म्हणाली, "मोठी आजी, सगळ्यांचा असाच असतो." 'सगळ्यांचा असतो' हें उत्तर आमच्या वहिनींस आजवर कोणत्याहि बाबतींत पटलेलें नाहीं, आणि तें सहसा पटूं नये असेंच आमचेंहि मत आहे. तेव्हां आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि या वस्त्राचा पूर्वेतिहास धुंडाळला. त्याचें सार आज वाचकांपुढें ठेवतों.

जलक्रीडा आपणांस नवी नाहीं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत कुश राजा ग्रीष्मकाळीं अंतःपुरासह शरयूच्या पाण्यांत उतरतो. नग्न स्नान करूं नये हा मनुस्मृतीचा दंडकहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु पोहणाऱ्या स्त्रीसाठीं म्हणून निराळें बेतलेलें वस्त्र ही वस्तु पश्चिमेकडील समुद्रकांठीं, गेल्या पावणेतीनशें वर्षांत घडली. म्हणून तिची हकीकत तेथूनच सांगितली पाहिजे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडांत समुद्रस्नानाचें प्रस्थ वाढलें तें खेळ म्हणून नव्हे, औषध म्हणून. डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं १७५० सालीं समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर लॅटिन भाषेंत ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटनसारखीं कोळ्यांचीं गांवें हवापालटाचीं ठिकाणें बनलीं. औषध म्हटलें कीं तें शिस्तीनें घेणें आलें. त्यासाठीं स्नानगाडी निघाली. स्नानगाडी म्हणजे चाकांवरची लांकडी खोली. स्त्रीनें वाळूवरच आंत शिरावें. घोडा ती खोली ओढीत पाण्यांत नेई. तोंवर तिनें आंतल्या आंत कपडे बदलावे आणि समुद्राकडील दारानें पायऱ्या उतरावें. मार्गेट येथील बेंजामिन बील यानें या दाराला पाण्यापर्यंत टेकणारी कापडी कनात जोडली, म्हणजे कोणाची दृष्टि पडण्याची भीति उरली नाहीं. खालीं पाण्यांत धट्ट्याकट्ट्या बायका उभ्या असत. त्या गिऱ्हाइकाला धरून लाटेंत बुचकळून काढीत. ब्रायटनची मार्था गन ही या धंद्यांत इतकी नांवाजली कीं चित्रकारांनीं तिचीं चित्रें काढलीं. व्हिक्टोरिया राणीनें १८४७ सालीं वाइट बेटावर ऑसबर्न येथें प्रथम समुद्रस्नान केलें तेंहि स्नानगाडींतूनच. तिची ती गाडी तेथें जपून ठेविली आहे.

या स्नानाच्या वेळीं अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत पोंचणारा फ्लॅनेलचा सैल झगा असे. पाण्यांत तो फुग्यासारखा वर येऊं नये म्हणून त्याच्या घेरांत वजनें शिवीत. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. माणूस पाण्यांत उतरणार, आणि त्याच्या कपड्याला वजनें बांधलेलीं! हा पोशाख पोहण्यासाठीं नव्हताच. तो बुचकळून निघण्यासाठीं होता, आणि तेवढ्यापुरता तो चुकीचाहि नव्हता.

चूक पुढें झाली. आगगाड्या सुरू झाल्या, मध्यमवर्गीय कुटुंबें सुटींत समुद्रावर जाऊं लागलीं, औषधाची करमणूक झाली. पण वस्त्रामागची कल्पना तीच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झग्याच्या जागीं कमरेला पट्टा बांधलेला अंगरखा व त्याखालीं विजार आली. रंग बहुधा काळा किंवा गर्द निळा, कापड बहुधा लोकरीचें, पायांत लांब काळे मोजे, त्यांवर बंद बांधावयाचे बूट, आणि डोक्याला टोपी. लोकर कां? तर ती भिजली तरी आरपार दिसत नाहीं, तलम सुती कापडासारखी अंगाला चिकटत नाहीं, आणि थंड पाण्यांत ऊब धरते. या तिन्ही गोष्टी खऱ्या. चौथी खरी गोष्ट अशी कीं लोकर पाणी पिते, आणि पाणी प्यालेली लोकर अंगाला खालीं ओढते. म्हणून अनेक किनाऱ्यांवर पाण्यांत खांब रोवून दोर बांधलेले असत. ते धरून लाटेबरोबर उड्या मारावयाच्या, इतकीच जलक्रीडा बहुतेक स्त्रियांच्या वांट्यास येई.

पोहणें हें स्त्रियांचें काम नव्हे, हा समज या पोशाखानें घट्ट केला. त्या समजाची किंमत किती, तें एका दिवशीं दिसून आलें. १५ जून १९०४ रोजीं न्यूयॉर्क शहरीं 'जनरल स्लोकम' ही आगबोट जर्मन वस्तींतील एका चर्चनें सहलीसाठीं भाड्यानें घेतली होती. दिवस कामाचा असल्यामुळें बोटीवर मुख्यतः बायका व मुलें होतीं. ईस्ट रिव्हरमध्यें बोटीला आग लागली आणि तेराशेंहून अधिक उतारूंपैकीं हजारांहून अधिक दगावले. तरण्यासाठीं ठेविलेले पट्टे कुजून गेलेले होते. तो दोष बोट चालविणारांचा, आणि तो मुख्य दोष होय. परंतु आगींतून वांचण्यासाठीं ज्या बायकांनीं नदींत उड्या घेतल्या, त्यांपैकीं बहुतेकींना पोहतां येत नव्हतें, आणि त्यांच्या अंगावरील जड कपड्यांनीं त्यांना तळाशीं नेलें. कांठ डोळ्यांपुढें दिसत होता.

नेमक्या याच सुमारास ऑस्ट्रेलियांतली एक मुलगी इंग्लंडांत येऊन दाखल झाली. अ‍ॅनेट केलरमन तिचें नांव. जन्म सिडनी शहरीं १८८६ सालचा. लहानपणीं तिच्या पायांचीं हाडें दुबळीं होतीं, पायांना लोखंडी पट्ट्या बांधाव्या लागत, आणि पायांत बळ यावें म्हणून तिला पोहावयास घातलें होतें. पाय सुधारले आणि मुलगी पट्टीची पोहणारी झाली. १९०५ सालीं तिनें इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रयत्न केला. ती पार झाली नाहीं, पण नांव झालें. लंडनमध्यें राजघराण्यांतील मंडळींपुढें पोहून दाखविण्याचा प्रसंग आला, तेव्हां उघडे पाय चालणार नाहींत असें तिला सांगण्यांत आलें. तिनें वाद घातला नाहीं. मुलांच्या पोहण्याच्या पोशाखाला खालून लांब मोजे शिवून टाकले, आणि गळ्यापासून पावलांपर्यंत एकसंध, अंगाबरोबर बसणारा पोशाख तयार केला. अंग झांकलें गेलें, आणि पाण्यांत हात-पायहि मोकळे राहिले. आजच्या पोहण्याच्या पोशाखाची मूळ कल्पना या शिवणींत आहे. पुढें अमेरिकेंत बोस्टनजवळच्या किनाऱ्यावर याच पोशाखासाठीं आपणांस पकडलें होतें, असें ती स्वतः सांगत असे. १९१८ सालीं तिनें पोहण्याच्या शिक्षणावर पुस्तकहि लिहिलें.

१९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथम ठेवण्यांत आल्या. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतांतील स्त्रियांच्या पोहण्याच्या संघाचा तेव्हां नियम होता कीं, पुरुष प्रेक्षक असतील तेथें मुलींनीं शर्यतींत उतरूं नये. संघाच्या अध्यक्षा रोझ स्कॉट. या बाई जुन्या वळणाच्या होत्या असें कोणी समजूं नये. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनीं वर्षानुवर्षें झगडा केला होता. पुरुषांची नजर मुलींस अपमानकारक होईल ही त्यांची भीति प्रामाणिक होती. लोकमताच्या रेट्यामुळें नियम बदलला, स्कॉटबाईंनीं राजीनामा दिला, आणि स्टॉकहोम येथें त्या प्रांताच्या दोन मुलींनीं, फॅनी ड्युरॅक व मिना वायली यांनीं, शंभर मीटरच्या शर्यतींत पहिला व दुसरा क्रमांक पटकाविला. आम्हांस येथें दोन्ही पक्षांविषयीं आदर वाटतो. फक्त एवढेंच दिसतें कीं दोष पाहणाऱ्याच्या नजरेंत होता, आणि बंदी मात्र पोहणारीवर होती.

ही उलटी रीत पुढें हास्यास्पद थराला गेली. एथेल्डा ब्लाइबट्री ही अमेरिकन मुलगी पोलिओच्या आजारांतून सुधारण्यासाठीं पोहावयास लागली होती. १९१९ सालीं न्यूयॉर्कजवळ पायमोजे काढून पाण्यांत उतरली म्हणून तिच्यावर नग्नस्नानाचा आरोप आला! दुसऱ्याच वर्षीं तिनें ऑलिंपिकमध्यें तीन सुवर्णपदकें मिळविलीं. १९२२ सालीं वॉशिंग्टन शहरांतील स्नानस्थळीं असा नियम झाला कीं, पोशाखाची कड गुडघ्यापासून सहा इंचांहून अधिक वर असूं नये. हातांत टेप घेऊन वाळूवर गुडघे टेकलेला अंमलदार बायकांच्या मांडीवर माप घेत आहे, असें त्या वर्षाचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. विनयाच्या रक्षणासाठीं परक्या पुरुषानें हें माप घ्यावें, यांतील विसंगति तेव्हां कोणाच्या ध्यानांत आली नसेल काय?

कायद्याचे हे पंडित माप घेत असतां विणकरांनीं मात्र खरें काम केलें. अमेरिकेंतील पोर्टलंड गांवच्या एका लहान विणकाम-कारखान्याकडे १९१३ सालीं नावा वल्हविणाऱ्या मंडळाचा एक सभासद आला आणि थंडींत वल्हवितांना घालण्यास लोकरी चड्डी मागूं लागला. स्वेटरच्या मनगटाला जी ताणणारी वीण असते, एक टाका सुलट व एक उलट, त्या विणीची चड्डी त्यांनीं करून दिली. ती अंगाला घट्ट बसे व ताणल्यावर पुन्हा मूळ जागीं येई. त्यावरून संपूर्ण पोशाख निघाला. भिजल्यावर तो आठ पौंड भरे, म्हणजे फार हलका नव्हेच. पण तो अंगावरून घसरत नसे आणि पाय गुरफटवीत नसे. हाच कारखाना पुढें 'जँट्झन' या नांवानें प्रसिद्ध झाला. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. असें करणारी ती पहिली स्त्री, आणि तोंवरच्या कोणत्याहि पुरुषापेक्षां तिला सुमारें दोन तास कमी लागले. नेहमीचा एकसंध पोशाख तासन् तास घासून अंग सोलवटतो, म्हणून तिनें व तिच्या बहिणीनें मिळून रेशमी कापडाचा दोन तुकड्यांचा पोशाख स्वतः बेतला होता. त्यांत नखरा नव्हता, गरज होती.

१९३१ च्या सुमारास रबराच्या तारेवर सूत गुंडाळलेला 'लॅस्टेक्स' धागा आला, आणि लोकरीचें ओझें उतरूं लागलें. तरी परीक्षक कांठावर उभेच होते. १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर डेनिस हिचा पोशाख पाठीवर फार कापलेला आहे, खांद्याचें हाड दिसतें, अशी तक्रार झाली. हात मोकळा फिरावा म्हणूनच तो तसा कापलेला होता. तक्रार टिकली नाहीं, आणि बाईंनीं सुवर्णपदक घेतलें.

येथवर वस्त्र लहान होत गेलें तें पाण्याच्या मागणीवरून. यापुढील टप्पा निराळा आहे. ५ जुलै १९४६ रोजीं पॅरिसमध्यें मोलितोर स्नानगृहावर लुई रेआर यानें आपला चिमुकला दोन तुकड्यांचा पोशाख लोकांस दाखविला. हा गृहस्थ मूळचा मोटारींचा इंजिनियर; आईचें अंतर्वस्त्रांचें दुकान चालवीत होता. तो पोशाख मिशेलिन बर्नार्दिनी या नर्तकीनें घातला, आणि त्यावर वर्तमानपत्राच्या मजकुराची छपाई होती. गाजावाजा होणार हें रेआरनें आधींच ओळखलें होतें. त्याला नांव दिलें 'बिकिनी'. चारच दिवसांपूर्वीं, १ जुलै रोजीं, पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटांवर अमेरिकेनें अणुबाँबची चांचणी केली होती. त्यासाठीं तेथील १६७ माणसांना मार्च महिन्यांतच घरदार सोडावें लागलें होतें. त्यांतील कांहीं कुटुंबें पुढें परत गेलीं, पण किरणोत्साराच्या भयानें १९७८ सालीं त्यांना पुन्हा उठविण्यांत आलें. ज्यांचें गांव गेलें त्यांच्या गांवाचें नांव एका कपड्याला उरलें. फॅशनच्या इतिहासांत याहून कठोर गोष्ट आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

सिसिली बेटावर पियात्सा आर्मेरीना येथें चौथ्या शतकांतील रोमन वाड्याच्या फरशीवर असाच दोन तुकड्यांचा पोशाख केलेल्या मुलींचें चित्र आहे, असें या फॅशनचे कैवारी सांगतात. चित्र आहे खरें; पण त्या मुली धांवत आहेत, चेंडू खेळत आहेत, थाळी फेंकीत आहेत. तें व्यायामाचें वस्त्र होय. तेव्हां पोशाख केवढा आहे यापेक्षां तो घालून काय करावयाचें आहे, हा प्रश्न अगोदरचा.

आपल्या मराठी मुलुखांतहि हा वाद झाला आहे. १९३८ सालीं आचार्य अत्रे यांनीं लिहिलेल्या व मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' चित्रपटांत मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखांत दिसल्या, तेव्हां केवढी खळबळ उडाली! टीका झाली आणि चित्रपटगृहेंहि भरलीं. पण १९५९ सालीं कलकत्त्याच्या आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या, आशियांतील पहिल्या स्त्री म्हणून त्यांचा गौरव झाला, तेव्हां त्यांच्या पोशाखाची चर्चा करण्याचें कोणास सुचलें नाहीं. पराक्रमापुढें कपडा आपोआप लहान होतो.

आतां या कथेचें शेवटचें वळण पाहा. सिडनीच्या अहेदा झनेती या बाईंनीं २००४ सालीं मुसलमान मुलींसाठीं डोक्यापासून पायांपर्यंत अंग झांकणारा, पण हलक्या कापडाचा पोहण्याचा पोशाख केला. त्यास 'बुर्किनी' म्हणतात. २०१६ सालीं फ्रान्समधील कित्येक किनारी गांवांच्या नगराध्यक्षांनीं त्यावर बंदी घातली. ज्या देशानें बिकिनी काढली, त्या देशांत अंग अधिक झांकलें म्हणून बायकांस दंड होऊं लागला! २६ ऑगस्ट २०१६ रोजीं तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानें एका गांवची ती बंदी स्थगित केली. १९२२ चा टेप आणि २०१६ चा दंड हीं एकाच माळेचे मणी आहेत. एकानें कपडा वाढवावयास सांगितलें, दुसऱ्यानें कमी करावयास. ती पोहते कशी, हें दोघांनींहि विचारलें नाहीं.

आणि ज्यांनीं तें विचारलें, त्यांचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. शर्यतींत पोहणाऱ्या स्त्रियांचा आजचा पोशाख सहसा बिकिनीसारखा नसतो. तो खांद्यापासून मांडीवर किंवा थेट गुडघ्यापर्यंत येणारा, एकसंध असतो. २००८ च्या सुमारास रबरी थराचे, सर्वांग झांकणारे पोशाख निघाले. त्यांनीं इतके उच्चांक मोडले कीं २०१० पासून आंतरराष्ट्रीय संघानें ते बंद केले, आणि स्त्रियांसाठीं गुडघ्यापर्यंतची मर्यादा घातली. म्हणजे 'कमी कपडा तितका वेग अधिक' हेंहि खरें नव्हे. महत्त्व लांबीला नाहीं. कापड, वीण आणि बेत यांना आहे.

एवढें टिपण तयार झाल्यावर आम्हीं तें रात्रीं जेवणानंतर घरांत वाचून दाखविलें. आगबोटीची हकीकत आली तेव्हां वहिनी सुपारी कातरीत होत्या. त्यांचा अडकित्ता थांबला. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरीं घाटावर माझी चुलतबहीण गेली. दहा वर्षांची होती. धुणें धुतां धुतां पाय घसरला. पाणी कांहीं फार खोल नव्हतें, पण परकर पाण्यानें भरला आणि पायांत अडकला. मुलगे पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकत. आम्हां मुलींना कोणीं शिकविलें नाहीं." पन्नास वर्षांच्या सहवासांत ही गोष्ट वहिनींनीं आमच्यापुढें कधीं काढली नव्हती. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्यांनींच विचारलें, "गुडघ्यापर्यंतचा मिळतो म्हणालांत ना, भाऊजी? मग तो आणा. आणि तो येईपर्यंत हाच घालून उद्यां जाऊं दे तिला. मुदत पुष्कळ झाली."

आमच्या वाचकांच्या घरीं हा प्रश्न निघेल तेव्हां वडील मंडळींनीं दोनच गोष्टी पाहाव्या. मुलीचे हात-पाय त्या पोशाखांत अडखळल्यावांचून चालतात कीं नाहीं, आणि ती स्वतः त्यांत निःसंकोच आहे कीं नाहीं. कापड पाणी धरणारें नसावें. सुती सदरा, परकर, ओढणी घालून तर खोल पाण्यांत कधींच उतरूं देऊं नये. हें जमलें कीं लांबी-रुंदीचा निवाडा ज्या त्या घरानें आपल्या रुचीप्रमाणें करावा; आमची त्याला हरकत नाहीं. पोहणें मात्र शिकवावेंच. आमची नात आतां हात-दोन हात पुढें सरकूं लागली आहे, आणि तलावाच्या कांठीं बांकावर वहिनी रोज बसतात. त्या पोशाखाकडे पाहत नाहींत. ती श्वास केव्हां घेते तें मोजतात.